दातेरी मेट्रो

आज फ्रान्सच्या ल्यों शहरात दिवसभर नुसतं मेट्रोत हिंडले. लाइनी चारच: ए, बी, सी, डी. त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही, तरी मी चुकलेच! बेलकूरला ए सोडून डी पकडायची, तर उलट्या दिशेच्या गाडीत बसले. इथे गाड्या डावीकडून धावतात. रस्त्यावर सगळं उजवीकडून, आणि इथे जमिनीखाली आपल्यासारखं डावीकडून. मग सवयीचा घोळ कुणाला सांगणार?

पण खरी मजा सी लाइनची. ओतेल द व्हिलहून निघालं की लगेच चढण. रुळांमध्ये दातेरी पट्टी, थेट उटीच्या गाडीसारखी. क्रुआ-पाके स्टेशनचा तर प्लॅटफॉर्मच तिरका, चढ सतरा टक्क्यांच्या आसपास. शेजारच्या आजींनी भाजीची चाकवाली पिशवी पायाने अडवून धरली होती, अगदी सवयीने. मी मात्र खांबाला घट्ट मिठी मारून. वर क्रुआ-रूस, रेशीम विणकरांची जुनी टेकडी. ह्याच चढावर 1891 पासून दोरखंडाने ओढलेली गाडी चालायची, 1974 मध्ये तिला दात बसवले.

परतताना डी लाइन. 1992 पासून हिला ड्रायव्हरच नाही. सगळ्यात पुढच्या काचेपाशी उभी राहिले, बाजूला एक पाच-सहा वर्षांचा मुलगा. दोघंही हँडल असल्यासारखे हात धरून. उतरताना त्याने मला ‘ओरव्हुआर’ म्हणत अच्छा केलं, ड्रायव्हरने ड्रायव्हरला करावं तसं.

पाय दुखतायत. उद्या फुर्व्हिएर टेकडीची फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढलेली गाडी.