ओबर्स्टडॉर्फ: सहाव्या जागेची लढाई

ओबर्स्टडॉर्फच्या स्टेशनात रूळ संपतात. पुढे आल्प्स उभे आहेत, त्यामुळे गाडीला जायला जागाच नाही. उल्महून निघालेली आमची गाडी केम्प्टन, इमेनश्टाट, झोंटहोफेन अशी हळूहळू डोंगरात शिरत गेली. खिडकीबाहेर गायींच्या कुरणांचा हिरवा रंग इतका दाट होता की आईने पुण्याहून आणलेला पेपर एकदाही उघडला नाही. जर्मनीच्या अगदी दक्षिण टोकाचं हे गाव. वस्ती दहा हजारांच्या आत, उंची आठशे मीटरच्या थोडी वर. हिवाळ्यात इथे स्की-जंपिंगची मोठी स्पर्धा भरते आणि तेव्हा गाव फुलून जातं. आम्ही मात्र 2017 च्या सप्टेंबरअखेरीस गेलो होतो, नेबेलहॉर्न ट्रॉफी या फिगर स्केटिंगच्या स्पर्धेसाठी.

फिगर स्केटिंग माझ्या डोक्यात बसलं ते नव्वदच्या दशकात, घरी केबल आली तेव्हा. बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेल्या मुलाला पडद्यावरचे ते लोक वाऱ्यावर चालल्यासारखे वाटायचे. जर्मनीत नोकरी लागल्यावर ही स्पर्धा घरापासून काही तासांवर आहे हे कळलं आणि आई तिच्या पहिल्या मुक्कामाला आली, तेव्हा तिलाच सोबत घेतलं.

स्टेशनपासून रिंकपर्यंत गावातूनच चालत जाता येतं. वाटेत लाकडी बाल्कन्यांतून लाल जिरेनियम लोंबत असतात. दुकानांत चीजचे चाकाएवढे गोळे आणि गायींच्या गळ्यातल्या मोठाल्या घंटा मांडलेल्या असतात. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेली गुरं सप्टेंबरच्या मध्यावर वाजतगाजत खाली आणतात, तो सोहळा आमच्या आधीच होऊन गेला होता. गावाच्या पूर्वेला, जिथून नेबेलहॉर्नची केबल कार सुटते, तिथेच बर्फाचं क्रीडासंकुल आहे. 2224 मीटर उंचीचा हा डोंगर रिंकच्या डोक्यावरच उभा आहे आणि स्पर्धेला नाव त्याचंच दिलं आहे.

ही स्पर्धा 1969 साली सुरू झाली. जर्मन स्केटिंग महासंघ ती भरवतो. बरीच वर्षं ती ऑगस्टच्या सुमारास व्हायची आणि तिची जोडी होती फ्रान्समधल्या, माँ ब्लाँच्या पायथ्याच्या सॅं-जर्व्हे इथल्या स्पर्धेशी. दोन्हीकडच्या कामगिरीवरून मिळून ‘कूप देझाल्प’, म्हणजे आल्प्सचा करंडक ठरायचा. हंगामाची सुरुवात इथे होते, म्हणून खेळाडू आपले नवे कार्यक्रम पहिल्यांदा इथेच बर्फावर आणतात. अमेरिका, कॅनडा, जपान आपली उगवती पोरं इथे पाठवतात. माझ्यासारख्या प्रेक्षकाला याचं मोल फार आहे. उद्या जगज्जेता होणारा मुलगा इथे हातात स्केट्सची बॅग ओढत तुमच्या शेजारून चालत जातो.

जपानच्या युझुरु हान्यूचंच घ्या. 2011 च्या मार्चमध्ये जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं, तेव्हा तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. रिंकचं नुकसान झालं, ती बंद पडली. पुढचे काही महिने तो गावोगावच्या आइस शोमधून फिरत जमेल तिथे सराव करत राहिला. त्याच सप्टेंबरात, सोळाव्या वर्षी, तो ओबर्स्टडॉर्फला आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे 2014 आणि 2018 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याने मिळवली. त्याचं नाव घेतलं की लोकांना ती ऑलिंपिक आठवतात. मला मात्र आधी हा सप्टेंबर आठवतो.

पण या गावाने खेळाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आजची गुणपद्धती. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत रशियाच्या बेरेझ्नाया आणि सिखारुलिद्झे यांना पाच विरुद्ध चार पंचांच्या कौलाने सुवर्ण मिळालं. फ्रेंच पंचावर दबाव होता असं बाहेर आलं आणि गदारोळ माजला. शेवटी कॅनडाच्या साले आणि पेलेतिए यांनाही सुवर्णपदक द्यावं लागलं. त्या वेळी सहापैकी गुण द्यायचे आणि पंच खेळाडूंची एकमेकांशी तुलना करून क्रम लावायचे. कोणत्या उडीला किती मिळाले, का मिळाले, हे कुणाला सांगता येत नसे. मग आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने नवी पद्धत आखली. प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला ठरलेली किंमत असते. ती उडी खरंच पूर्ण झाली का, हे वेगळं तांत्रिक पथक व्हिडिओ मागे-पुढे करून ठरवतं. ती किती चांगली झाली याचे गुण पंच देतात. ही पद्धत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली ती 2003 साली, याच नेबेलहॉर्न ट्रॉफीत.

जुन्या चाहत्यांपैकी काहींना अजूनही 6.0 ची हळहळ वाटते. सहाच्या सहा गुण झळकले की सभागृह उठून उभं राहायचं, ती मजा गेली हे खरं. तरीही मी नव्या पद्धतीच्या बाजूचा आहे आणि त्याचं कारण मला याच रिंकमध्ये बसून पटलं. छोट्या देशाच्या, नाव कुणाला माहीत नसलेल्या मुलीने ट्रिपल लुट्झ, म्हणजे हवेत तीन गिरक्या घेणारी अवघड उडी, स्वच्छ मारली, तर तिला त्या उडीची ठरलेली किंमत मिळतेच. पंचांना तिचं नाव ओळखीचं असायची गरज नाही. पूर्वी नावाचं वजन फार होतं.

2017 च्या स्पर्धेला वेगळंच महत्त्व होतं. त्या वेळी ऑलिंपिकच्या एकेरीत तीस-तीस खेळाडू उतरायचे. त्यातल्या चोवीस जागा त्याच वर्षीच्या जागतिक स्पर्धेतून भरल्या होत्या. उरलेल्या सहा जागा ओबर्स्टडॉर्फला ठरणार होत्या आणि त्याही ज्यांच्या देशाला अजून एकही जागा मिळालेली नाही अशांसाठीच. 2009 आणि 2013 सालीही ही शेवटची पात्रता इथेच झाली होती. त्याआधी, 2005 साली, ती व्हिएन्नात झाली होती.

आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्कर जोडपं हातात यादी आणि पेन्सिल घेऊन बसलं होतं. ज्या देशांना जागा आधीच मिळाली आहे त्यांच्या खेळाडूंची नावं त्यांनी खोडून टाकली होती आणि उरलेल्यांचा वेगळा क्रम मांडला होता. फलकावरचा क्रम एक, खरी लढाई दुसरीच. एक मुलगी फलकावर बरीच खाली होती, तरी प्रशिक्षकाच्या गळ्यात पडून हसत-रडत होती. आई म्हणाली, “अरे, एवढी खालची आली, मग आनंद कसला?” मी हिशेब समजावून सांगितला. त्यानंतर आईने त्या जोडप्याच्या यादीत डोकावायला सुरुवात केली. भाषेचं काही अडलं नाही. बाईंनी पेन्सिलने रेघ मारली की आई मान डोलवायची.

मुलींमध्ये सुवर्ण मिळालं ऑस्ट्रेलियाच्या केलानी क्रेनला. बर्फाशी फारसा संबंध नसलेल्या देशाची मुलगी सरळ पहिली आली. पुरुषांमध्ये ज्युलियन यी याने मलेशियासाठी जागा मिळवली. हिवाळी ऑलिंपिकला जाणारा त्या देशाचा पहिला खेळाडू तोच. फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर वाढला, लहानपणापासून दम्याने हैराण. 2013 साली इथूनच तो सोचीच्या ऑलिंपिकला गेला होता. या वेळी त्याची जागा थोडक्यात हुकली आणि तो राखीव यादीत पहिला राहिला. पुढे एका देशाने आपली जागा सोडली आणि मार्टिनेझ दुसऱ्यांदा ऑलिंपिकला पोहोचला.

सगळ्यात जास्त कॅमेरे मात्र जोड्यांच्या स्पर्धेत वळले ते र्‍योम ते-ओक आणि किम जू-सिक यांच्याकडे. ही उत्तर कोरियाची जोडी. ऑलिंपिक होणार दक्षिण कोरियात, प्योंगचांगला, आणि त्या वर्षी क्षेपणास्त्रांच्या बातम्यांशिवाय दिवस जात नव्हता. उन्हाळ्यात हे दोघं माँट्रियलला कॅनडाचे प्रशिक्षक ब्रूनो मार्कोत यांच्याकडे शिकून आले होते. पत्रकारांची गर्दी राजकारणासाठी होती. बर्फावर दिसले ते दोन तरुण, अतिशय नेटके, आणि एकमेकांवर पूर्ण भरवसा असलेले. लिफ्टमध्ये, म्हणजे त्याने तिला वर उचललं तेव्हा, ती त्याच्या डोक्यावर हाताच्या उंचीवर होती आणि हसत होती. ते हसू ओढून आणलेलं वाटत नव्हतं. ते सहावे आले आणि पात्र ठरले. टाळ्या वाजवताना ते कुठल्या देशाचे, याचा विचार आमच्या भोवती कुणी करत असेल असं मला वाटत नाही. पुढे त्यांच्या देशाने नाव नोंदवायची मुदत चुकवली, तरी ऑलिंपिक समितीने त्यांना खास प्रवेश दिला आणि प्योंगचांगला ते तेरावे आले. तिथलं जोड्यांचं सुवर्ण मिळालं अल्योना साव्चेन्को आणि ब्रूनो मासो यांना. त्यांचा रोजचा सराव याच ओबर्स्टडॉर्फच्या रिंकवर चालायचा. इटलीची कॅरोलिना कोस्टनरही अनेक वर्षं इथेच घडली.

मधल्या एका सकाळी आम्ही केबल कारने वर गेलो. माथ्यावरून चारशे शिखरं दिसतात असं म्हणतात. आम्हाला ढगांतून डोकावणारी मोजकीच दिसली, पण आईला तेवढ्यानेही समाधान झालं. उत्तरेच्या कड्याला लगडून एक लोखंडी पायवाट केली आहे. तिच्या जाळीतून पायाखालची दरी दिसते. खाली उतरल्यावर केझश्पेट्झले खाल्लं. पिठाचे छोटे नरम गोळे, भरपूर चीज आणि वर खरपूस तळलेला कांदा. शाकाहारी माणसाला या भागात उपाशी राहावं लागत नाही, हे आवर्जून सांगतो.

रिंकमध्ये थंडी हाडात शिरते, तेव्हा बाहेर ऊन असलं तरी स्वेटर, मोजे आणि बुडाखाली घ्यायला जाड काहीतरी बरोबर न्या. आणि सकाळचे सराव चुकवू नका. टीव्हीवर संगीत सगळं झाकून टाकतं. सरावात पात्याचा आवाज ऐकू येतो. चांगल्या स्केटरचं पातं जवळजवळ गप्प असतं, कच्च्याचं खरवडतं. दोन सराव पाहिले की डोळे मिटूनही फरक कळायला लागतो.

2021 ची, बीजिंगच्या ऑलिंपिकसाठीची पात्रताही इथेच झाली. त्या ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोचा डोनोव्हन कारियो, तोही मॉलमधल्या रिंकवर घडलेला, अंतिम फेरी गाठणारा पहिला मेक्सिकन स्केटर ठरला. तोवर नियम थोडे बदलले होते. मोठ्या देशांनाही अडलेली तिसरी जागा इथून सोडवता येत होती. अमेरिकेसाठी ती सोडवली सोळा वर्षांच्या अलिसा ल्यूने, सुवर्ण जिंकून. पुढच्याच वर्षी तिने खेळ सोडला, मग परतली आणि 2025 साली बॉस्टनला जगज्जेती झाली.

2026 च्या ऑलिंपिकची शेवटची पात्रता मात्र ओबर्स्टडॉर्फला झाली नाही. ती 2025 च्या सप्टेंबरात बीजिंगला झाली. नेबेलहॉर्न ट्रॉफी आपली चालूच आहे, 2014 पासून आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या ‘चॅलेंजर’ स्पर्धामालिकेचा भाग म्हणून. पात्रता इथे परत यावी असं मला मनापासून वाटतं. मॉलमध्ये शिकलेल्या मुलाला हजारोंच्या भव्य स्टेडियमपेक्षा ही छोटी रिंक मानवते. इथे प्रेक्षक जवळ असतात, त्यांना खेळ कळतो आणि विसाव्या आलेल्या मुलीचं नावही त्यांनी यादीत वाचलेलं असतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत चाकांच्या स्केट्सवर घाम गाळणारी कितीतरी पोरं आहेत. त्यांतलं एखादं बर्फावर उतरलं, तर त्याचं पहिलं मोठं पाऊल अशाच एखाद्या रिंकवर पडावं.

जायचं असेल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा आणि खोली उन्हाळ्यातच राखून ठेवा. म्युनिक किंवा उल्महून प्रादेशिक गाडी पुरते. गावात गाडीची गरज नाही, कारण रिंक, केबल कार आणि जेवणाची ठिकाणं सगळी चालत जाण्याइतकी जवळ आहेत.