तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत बंदूक घेशील का गं?

दर जूनमध्ये बार्शीला गेले की हा प्रश्न ठरलेला. बॅगा उघडून व्हायच्या आत कुणीतरी विचारतंच. मावशी घाबरून विचारते, भाचा डोळे मोठे करून विचारतो, शेजारचे काका आधी ‘पेपरात वाचलं’ म्हणतात आणि मग विचारतात. तुमच्या अमेरिकेत म्हणे शिक्षकच बंदूक घेऊन शाळेत येतात? आणि लगेच पुढचा: तुझ्याकडे पण आहे का?

मी टेक्सासमध्ये, ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावर, एका सरकारी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. यंदा अकरावं वर्ष. दरवेळी उत्तर द्यायला सुरुवात करते, तेवढ्यात चहा येतो, कुणीतरी पाहुणे येतात आणि उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदाचं बसून लिहिते आहे.

तर हो, खरं आहे. सगळ्या राज्यांत नाही आणि सगळ्या शाळांत तर नाहीच नाही, पण बऱ्याच राज्यांत शाळेला हवं असेल तर ती आपल्या कर्मचाऱ्यांना पिस्तूल बाळगायची परवानगी देऊ शकते. कपड्यांच्या आत, कुणाला दिसणार नाही असं. टेक्सासात याची सुरुवात २००७ साली हॅरोल्ड नावाच्या गावातून झाली. ओक्लाहोमाच्या सीमेजवळचं अगदी छोटं गाव. शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलिसांचं, ऑफिस दुसऱ्या गावात, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर. तिथल्या शाळेने ठरवलं की मदत येईपर्यंत आपलं आपण बघायचं. त्याला इथे गार्डियन प्लॅन म्हणतात. पुढे, कनेटिकट राज्यातल्या सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली त्यानंतर, २०१३ मध्ये राज्याने वेगळा कायदा करून ‘स्कूल मार्शल’ आणला. त्याला ८० तासांचं प्रशिक्षण. त्या कायद्यातलं एक कलम माझ्या डोक्यातून जात नाही: मार्शलने वापरायची गोळी अशी हवी की कशावर आपटली की तिचा चुरा व्हावा. म्हणजे भिंतीतून आरपार जाऊन पलीकडच्या वर्गातल्या मुलाला लागू नये. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो पलीकडचा वर्ग होता. मला माझ्या वर्गाची ती भिंत दिसते. तिच्या पलीकडे पहिलीचा वर्ग आहे.

तरबेज असणं म्हणजे किती तास, यावर इथे एकमत नाही. फ्लोरिडात १४४ तास लागतात. ओहायोत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं होतं की शिक्षकाला बंदूक द्यायची तर पोलिसाइतकंच प्रशिक्षण हवं, म्हणजे ७०० तासांच्या वर. वर्षभरात विधिमंडळाने कायदाच बदलला आणि ते २४ तासांवर आणलं. टेनेसीने २०२४ मध्ये ४० तास ठरवले. एकाच कामाला एका राज्यात तीन दिवस पुरतात आणि दुसऱ्यात तीन आठवडेही कमी पडतात. मला दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवायची परवानगी मिळण्याआधी याहून कितीतरी जास्त तास द्यावे लागले.

माझ्यापर्यंत हा प्रश्न २०२३ मध्ये कागदावर येऊन पोचला. टेक्सासने त्या वर्षी कायदा केला की प्रत्येक शाळेत एक सशस्त्र माणूस असलाच पाहिजे. त्यासाठी दर शाळेमागे १५,००० डॉलर आणि दर मुलामागे १० डॉलर दिले. एवढ्यात पोलिसाचा वर्षाचा पगार निघत नाही, आणि इतके पोलीसही नाहीत. मग कायद्यातच वाट ठेवली होती तिकडे अनेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं, वळले: आपल्याच माणसांतून कुणी तयार आहे का बघा. आमच्याकडे एक फॉर्म आला. आपण स्वेच्छेने गार्डियन होऊ इच्छिता का? हो किंवा नाही. खाली सूचनांसाठी दोन रिकाम्या ओळी.

त्या रात्री अण्णांना फोन केला. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आम्हाला जनगणना दिली, मतदार याद्या दिल्या, खिचडीचा हिशोब दिला. अशैक्षणिक कामं म्हणून आम्ही मोर्चे काढले. हे त्यातलंच समजायचं का?” थोडं थांबून त्यांनी जे विचारलं ते आजवर दुसऱ्या कुणीच विचारलं नव्हतं. “ठेवतात कुठं गं ती? दिवसभर?”

मास्तरच हे विचारू शकतो. कारण दिवसभर वर्गात काय चालतं ते त्यालाच माहीत असतं.

पूर्वी मार्शल जर रोज मुलांमध्ये वावरणारा असेल तर त्याने पिस्तूल वर्गातल्या तिजोरीत कुलपात ठेवायचं असा नियम होता. तो पुढे सैल केला, कारण वेळ आली तर तिजोरी उघडायला सवड कुठली? तेव्हा आता अंगावर. कमरेच्या पट्ट्याला, आतल्या बाजूने अडकवलेलं, वरून शर्ट.

आता माझा दिवस सांगते. सकाळी साडेसातला मुलं येतात तेव्हा मी दारात उभी असते. दुसरीचं पोर बिलगतं तेव्हा त्याचं डोकं बरोबर माझ्या कमरेशी येतं. एकजण रोज धावत येऊन आदळतो, दोन्ही हात कमरेभोवती टाकतो आणि तसाच अर्धा मिनिट उभा राहतो. त्याचे आईवडील पहाटे कामाला जातात, त्याला त्या अर्ध्या मिनिटाची गरज असते. मग आम्ही सतरंजीवर बसतो, मी खाली मांडी घालून. दोघीजणी दोन्हीकडून टेकतात. कुणाच्या बुटाची नाडी बांधायला वाकायचं, कुणाचं नाक पुसायचं, कुणी ओढणी ओढून काहीतरी कानात सांगतं. माझ्या अंगावर दिवसभरात एक जागा अशी नाही जिथे मुलाचा हात पोचत नाही. अण्णांना मी फोनवर एवढंच म्हणाले, “ठेवायला जागाच नाही, अण्णा.”

हे केवळ भावनेचं बोलणं नाही. जानेवारी २०२३ मध्ये आमच्याच राज्यातल्या एका छोट्या शाळेत खुद्द सुपरिंटेंडंटचं, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाचं, पिस्तूल बाथरूममध्ये राहिलं आणि ते तिसरीतल्या मुलाला सापडलं. २०१४ मध्ये यूटातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पिस्तूल शाळेच्या बाथरूममध्येच उडालं, कमोड फुटला, त्याचे तुकडे तिच्या पायात घुसले. दोन्ही वेळा बाथरूम, आणि त्याला कारण आहे. पट्टा सोडावा लागतो. सात-आठ तास अंगावर वागवलेली वस्तू कधीतरी उतरवावीच लागते, आणि शिक्षकाला बाथरूमला जायला मिळतात ती मोजून तीन मिनिटं, तीही शेजारच्या बाईंना ‘जरा बघा हो वर्गाकडे’ सांगून. माणूस घाईत विसरतो. मी चष्मा विसरते, किल्ल्या विसरते.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि खोटी नाही. आमच्या शाळेतले एक सर आधी सैन्यात होते. अतिशय सज्जन माणूस, मुलं जीव टाकतात त्यांच्यावर. त्यांनी ‘हो’वर खूण केली असणार, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. एकदा स्टाफरूममध्ये मात्र ते म्हणाले, “युवाल्डीनंतर मला कुणी मदतीला येईल असं वाटत नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

युवाल्डी हे गाव आमच्याच राज्यातलं. २४ मे २०२२ ला तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गोळीबारात मारल्या गेल्या. चौथीची मुलं. त्या दिवशी तिथे सगळे मिळून ३७६ सशस्त्र पोलीस आणि अधिकारी जमले होते, आणि मारेकऱ्याला गाठायला ७७ मिनिटं लागली. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत २०१८ मध्ये बंदूकधारी अधिकारी नेमलेला होता. तो बाहेरच थांबला, आत १७ माणसं मारली गेली. त्याच शाळेतले फुटबॉलचे सहप्रशिक्षक एरन फाइस मुलांच्या आडवे झाले आणि गेले. फ्लोरिडाची गार्डियन योजना त्यांच्या नावाने सुरू झाली. सरांसारख्या माणसाला वाटतं की फाइसच्या हातात काही असतं तर? हे वाटणं मी समजू शकते. हॅरोल्डसारख्या गावातल्या आईबापांचंही समजू शकते. जिथे पोलीस यायलाच वीस मिनिटं लागतात तिथे मी ह्यूस्टनच्या जवळ बसून त्यांना शहाणपण शिकवणार नाही.

पण त्याच युवाल्डीतून मी उलटं काही शिकले. ३७६ तरबेज माणसांना जे जमलं नाही ते मला ८० तासांत जमेल? न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या गोळीबारांचा एक अभ्यास रँड या संशोधन संस्थेने २००८ मध्ये केला होता. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांपैकी साधारण १८ टक्के नेमक्या लागल्या. बाकीच्या कुठेतरी गेल्या. रस्त्यावर ‘कुठेतरी’ म्हणजे भिंत, गाडी, फुटपाथ. माझ्या वर्गात ‘कुठेतरी’ म्हणजे बावीस मुलं.

आणखी एक गोष्ट, जी मी बार्शीत कधीच बोलून पूर्ण करू शकले नाही, कारण बोलताना आवाज जातो. शाळेत बंदूक घेऊन शिरणारा बहुतेक वेळा कुणी परका नसतो. तो त्याच शाळेतला आजचा किंवा कालचा विद्यार्थी असतो. युवाल्डीतला मुलगा अठरा वर्षांचा होता, आणि चौथीत तो याच रॉब शाळेत शिकलेला होता. म्हणजे मी पिस्तूल घेतलं तर ते मला कुणावर रोखावं लागेल? दहा वर्षांपूर्वी याच सतरंजीवर ज्याला मी ‘ब’ आणि ‘ड’ची इंग्रजी अक्षरं उलटी काढू नकोस म्हणून हात धरून गिरवायला लावलं, त्याच्यावर. माझ्याच्याने ते होणार नाही. आणि ज्या सेकंदाला माझ्याच्याने ते होणार नाही, त्या सेकंदाला माझ्या कमरेला असलेलं पिस्तूल मुलांच्या कामाचं नाही. सरांना जमेल कदाचित. मला माझी खात्री आहे.

म्हणून मला वाटतं की शिक्षकाचं काम आहे ते गोळीबाराच्या त्या शेवटच्या मिनिटांच्या कितीतरी आधीचं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ ला एका पंधरा वर्षांच्या मुलाने चार मुलांना मारलं. त्या सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर त्याच्या शिक्षिकेला बंदुकीचं चित्र आणि मदत मागणारे शब्द दिसले होते. तिने ते बघितलं, वर कळवलंही. पुढे आईबापांना बोलावलं, बोलणं झालं, आणि त्याला परत वर्गात पाठवलं. दप्तर कुणी उघडलं नाही. पिस्तूल दप्तरात होतं, बापाने चार दिवसांपूर्वीच आणलेलं. त्या आईबापांना २०२४ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसच्या २०१९ च्या अभ्यासातही हेच दिसतं: शाळेत गोळीबार करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी हत्यार आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतलेलं होतं. घरातल्या त्या कपाटाला कुलूप हवं होतं. ते कुलूप लावायचं सोडून माझ्या कमरेला दुसरं पिस्तूल लावायचं, हे मला पटत नाही.

आणि सगळ्यात जास्त खटकतं ते गुपित. आमच्या इमारतीत कुणाकडे आहे हे मला माहीत नाही. टेनेसीत तर पालकांनाही सांगत नाहीत. कारण देतात की मारेकऱ्याला कळू नये. कारण समजतं. पण ज्या आईने सकाळी तिचं पोर माझ्या हातात दिलं, तिला त्या खोलीत काय आहे हे विचारायचाही हक्क नसावा? मी आई आहे. मी हे सहन करणार नाही.

आमच्याकडे लॉकडाउनची ड्रिल होते, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याची रंगीत तालीम. दार लावायचं, दिवे घालवायचे, पुस्तकांच्या कपाटामागच्या कोपऱ्यात सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं, आवाज नाही. मागच्या वेळी एका मुलाला सर्दी होती. श्वास घेताना नाक वाजत होतं. त्याने दोन्ही हातांनी नाक घट्ट दाबून धरलं आणि तोंड उघडून, माझ्याकडे बघत, हळूहळू श्वास घेत राहिला. सात वर्षांचं पोर. कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं. मी त्याचा पाय धरून बसले होते. त्या अंधारात मला एकदाही कमरेला काही असावं असं वाटलं नाही. मला वाटत होतं दार नीट लागलंय ना.

कारण ते लागायचं नाही. आमची जुनी दारं बाहेरून किल्लीने लॉक व्हायची. म्हणजे खरंच काही झालं तर मी आधी कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकायचं आणि मग किल्ली फिरवायची. युवाल्डीतही असंच होतं, आणि १११ नंबरच्या खोलीचं कुलूप नीट बसत नाही हे तिथे अनेकांना माहीत होतं, दुरुस्तीचा कागद मात्र कुणी काढला नव्हता. सँडी हूकनंतर नेमलेल्या आयोगाने २०१५ मध्येच बजावून ठेवलं होतं की वर्गाचं दार शिक्षकाला आतून लॉक करता आलं पाहिजे.

तर त्या फॉर्मवर मी ‘नाही’वर खूण केली आणि खालच्या दोन रिकाम्या ओळींत लिहिलं: माझ्या वर्गाचं दार आतून लॉक होत नाही, कृपया कुलूप बदलून द्यावं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिलं, दर महिन्याला लिहीत राहिले, शेजारच्या चौघींनाही लिहायला लावलं. सातव्या महिन्यात एक माणूस पेटी घेऊन आला. अर्ध्या तासाचं काम होतं. मुलं सतरंजीवरून बघत होती. तो गेल्यावर नाक दाबून बसलेला तो मुलगा उठला, दाराशी गेला, चवड्यांवर उभा राहिला आणि आतला नवा खटका त्याने स्वतः फिरवून बघितला. एकदा लावला, एकदा उघडला, परत लावला. मग जागेवर येऊन बसला.