मीथ 2002 : तिसरी फेरी जुळली एकदाची!

जुळली! आयर्लंडच्या 2002 च्या सार्वत्रिक निवडणुकीतल्या मीथ मतदारसंघाची मोजणी मी मतपत्रिकांच्या फाइलवरून पुन्हा करतोय, अधिकृत निकालाशी फेरीफेरीने जुळवत. डेम्प्सी या उमेदवाराच्या 853 अतिरिक्त मतांनी मांडलेला छळ निदान तिसऱ्या फेरीपुरता तरी संपला.

अडचण कुठे होती ते मागे लिहिलंच होतं. 14 उमेदवार, 5 जागा, 64,081 वैध मतं, कोटा (निवडून यायला लागणारी मतं) 10,681. मतदार उमेदवारांना 1, 2, 3 असा पसंतीक्रम देतात. नोएल डेम्प्सीला पहिल्या पसंतीची 11,534 मिळाली, म्हणजे 853 अतिरिक्त. आपल्या विधान परिषदेत अशा वेळी विजयी उमेदवाराच्या ज्या ज्या पत्रिकेवर पुढची पसंती असते ती प्रत्येक पत्रिका पुढे जाते, फक्त तिचं मूल्य घटतं. डॉलच्या (आयर्लंडच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) मोजणीत तसं नाही. तिथे 11,534 पत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावतात, कोणाला किती द्यायच्या ते प्रमाणाने ठरवतात, आणि तेवढ्या अख्ख्या पत्रिका गठ्ठ्याच्या वरून उचलतात. दुसऱ्या फेरीचे आकडे त्यामुळे कोणत्याही पद्धतीने जुळतात. पण उचललेल्या पत्रिकांवर तिसरी-चौथी पसंती कोणाची, हे नेमक्या कोणत्या पत्रिका उचलल्या त्यावर ठरतं. खालचे उमेदवार बाद होऊन त्यांच्या पत्रिका पुढच्या पसंतीकडे जायला लागल्या की दोन मतं इकडे, तीन तिकडे. वेड लागायची पाळी.

फाइल विस्कटून, पुन्हा पिसून मोजून पाहिली. दर वेळी वेगळंच उत्तर. शेवटी सुचलं की यंत्रावर मतदान झालं तरी मोजणीचा नियम कागदाचाच होता, तेव्हा फाइलमधला क्रम हाच मोजणीचा क्रम धरून पाहावा. प्रत्येक गठ्ठ्यातल्या शेवटी आलेल्या पत्रिका उचलल्या, आणि तिसऱ्या फेरीचा रकाना तंतोतंत! चहा गार झाला, पण काय मजा आली.

(यासाठी स्प्रेडशीट वापरू नका. चुकून एकदा सॉर्ट दाबलं की क्रम गेलाच. पायथनच्या साध्या याद्या बऱ्या. आणि ती मतदान यंत्रं? पाच कोटींहून जास्त युरो खाऊन 2012 साली भंगारात. डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ या, 2002 ला यंत्रांवर मतदान झालेल्या तीन मतदारसंघांच्या फाइली तेवढ्या आपल्या पदरात पडल्या.)

आता मीथच्याच जॉन ब्रूटनकडे. 1969 ला 22 व्या वर्षी निवडून आलेला हा गडी 2004 मध्ये युरोपियन युनियनचा राजदूत म्हणून वॉशिंग्टनला जाईपर्यंत मीथमध्ये एकदाही पडला नाही. जानेवारी 1982 मध्ये अर्थमंत्री असताना मुलांच्या बुटांवर व्हॅट लावणारा त्याचा अर्थसंकल्प 82 विरुद्ध 81 ने कोसळला, सरकार गेलं, पण जागा शाबूत. 1994 ते 97 पंतप्रधान. आणि 2002 ला? पहिल्या फेरीत कोट्याच्या बराच खाली, इतरांच्या पत्रिकांची वाट बघत बसलेला. म्हणूनच तो वर कसा चढला हे मला फेरीफेरीने बघायचंय.

ब्रूटनच्या पहिल्या पसंतीच्या टक्केवारीचा, निवडणुकीगणिक काढायचा आलेख मात्र रद्द करतोय. 1969 ला मीथच्या 3 जागा, 1977 ला 4, 1981 पासून 5. म्हणजे कोटाच 25 टक्क्यांवरून 16.67 वर आला. टक्के शेजारी शेजारी ठेवून काय कळणार? त्याऐवजी ‘कोट्याच्या किती पट’ हा रकाना घेतोय. (चौथी जागा आली ती तेव्हाचा स्थानिक स्वराज्य मंत्री जेम्स टली याने केलेल्या मतदारसंघांच्या फेररचनेत. टली स्वतः मीथचाच आमदार, ब्रूटनच्या शेजारी निवडून येणारा. डब्लिनमध्ये तीन-तीन जागांचे मतदारसंघ पाडून त्याने जो डाव टाकला तो 1977 ला सरकारवरच उलटला.)

हे लिहिता लिहिताच आणखी एक सुचलं. चौथी फेरी थोडी थांबू दे, आधी हीच फाइल विधान परिषदेच्या नियमाने मोजतो. एका मताचं मूल्य 100 धरलं की कोटा येतो 10,68,017. डॉलचा कोटा त्याच मापात 10,68,100. फरक एका मताहूनही कमी, तेव्हा कोटा जवळपास तोच. ब्रूटनच्या बेरजेत जो फरक पडेल तो पत्रिका उचलण्याच्या पद्धतीचाच असणार. घटत्या मूल्याचा तयार कोड कोणाकडे असेल तर द्या, अपूर्णांक सोडून देण्याच्या नियमासकट.