पेशंट कोण आहे?

१२ ऑक्टोबर, रविवार

पहाटे चारला निघाले तरी ऑक्टोबर हीटने गाठायचं ते गाठलंच. आज २२ किलोमीटर. जळगावातल्या मेहरूण तलावाच्या फेऱ्यांचा कंटाळा आला म्हणून शिरसोली रोड धरला. कापसाच्या गाड्या सुरू झाल्यात. मागून ट्रक आला की आधी धुळीचा लोट, मग कापसाचे पुंजके, आणि दोन्ही घामाला चिकटतात. कुत्री आता ओळखायला लागलीत, माणसं अजून नाहीत. टपरीवरच्या एकाने आजही विचारलं, "मॅडम, पोलीस भरती आहे का?" त्रेचाळिसाव्या वर्षी कोणी असं विचारलं तर राग मानायचा नसतो.

जानेवारीतली मुंबईची मॅरेथॉन. पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला निधी देणाऱ्या एका संस्थेच्या वतीने पळायचंय. म्हणजे पळायचंही मीच आणि लोकांकडे पैसेही मीच मागायचे. पळणं जमेल. मागण्याचं काही खरं नाही. बँकेत दिवसभर थकबाकीदारांना फोन करते तेव्हा जीभ अडखळत नाही, पण ते बँकेचे पैसे असतात.

२ नोव्हेंबर, रविवार

माहेरी आलेय, चोपड्याकडे. सकाळी बांधाबांधाने थोडं पळून घेतलं. काळ्या मातीत अजून ओल आहे, बुटाला दोन-दोन किलो चिखल.

दुपारी जिभाऊंकडे गेले. जिभाऊ म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ. गावात कोणाचं ऑपरेशन निघालं की पहिला आकडा जिभाऊंचा पडतो, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करायची ठरवली होती. ओट्यावर बसून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगलं शे. पन पेशंट कोन शे?"

हा प्रश्न मला आता पाठ झालाय. बँकेत हाच, किराणावाल्याचा हाच, सोसायटीच्या ग्रुपवर हाच. आमच्याकडचा माणूस हात आखडत नाही. व्हॉट्सअॅपवर पोराचा फोटो, हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि क्यूआर कोड आला की तासाभरात पैसे जमतात. पण चेहरा लागतो. संशोधनाला चेहरा नाही. 'तसा कोणी पेशंट नाही' म्हटलं की समोरचा चहा पाजतो आणि विषय बदलतो.

मी म्हटलं, जिभाऊ, आप्पा रक्ताच्या कॅन्सरवर रोज ती गोळी घेतात ना? तिची गोष्ट ऐका. १९६० साली अमेरिकेत, फिलाडेल्फियात दोघा संशोधकांना या रोगाच्या पेशंटच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसलं. का आखूड, ते कळायला १९७३ उजाडलं. जॅनेट रॉली नावाच्या बाईने दाखवलं की नऊ नंबरच्या आणि बावीस नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या जोडातून एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं आणि ते पांढऱ्या पेशींना 'वाढा, वाढा' म्हणत राहतं. त्याचं तोंड बंद करणारी गोळी बाजारात आली २००१ मध्ये. एक्केचाळीस वर्षं कोणीतरी पैसे घालत होतं. त्यांचा पेशंट कोण होता? आप्पा तेव्हा इथे मोट हाकत होते.

जिभाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात वर करून मळ्याकडे दाखवलं. त्यांच्या केळीवर यंदा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक हा विषाणूचा रोग, आला होता. पानांवर पिवळे पट्टे पडले आणि ऐन पावसाळ्यात उभी झाडं उपटावी लागली. "आमनी केयले बी कोठे शे दवाई? उपटा न् फेका म्हंतस." मग स्वतःच पुढे बोलत सुटले. टिश्यूकल्चरचं रोप आलं तेव्हा गावात लोक हसले होते, बाटलीतली केळी म्हणून. आज मुनवे, म्हणजे केळीच्या बुंध्याला फुटलेले कोंब, लावणारा शोधावा लागतो. ते बाटलीत वाढवून बघणाऱ्याला कोणी तरी पगार दिलाच असेल की नाही?

मी संस्थेचं माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं, ते बाहेर काढावंच लागलं नाही. जिभाऊंनी आत हाक मारून पैसे आणवले. वर सीएमव्हीवर संशोधनासाठी कोणी पळणार असेल तर तेही कळव म्हणाले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज पळणं नाही, नुसता वैताग. शेजारच्या काकू सदाफुलीची पानं घेऊन आल्या. आप्पांना रोज सकाळी चावायला द्या, रक्ताचा कॅन्सर मुळापासून जातो, त्यांना मोबाईलवर आलंय.

यातली अडचण अशी की गोष्ट अर्धी खरी आहे. व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतूनच काढतात आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, ते आजही वापरतात. पण शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. शिरेतून देतात, तेही मोजून-मापून, कारण जास्त झालं तर हातापायांच्या नसा जातात. चावलेल्या पानात औषध किती आणि विष किती, कोण मोजणार? आणि आप्पांच्या रोगावर ते औषध नाहीच. हे सगळं मी काकूंना चहाबरोबर सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, पण साइड इफेक्ट नाही ना." पानं कुंडीत टाकली.

संध्याकाळी मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने मात्र चेहरा-बिहरा न विचारता चेक दिला. त्याचा प्रश्न वेगळा होता, आयकराच्या सवलतीचा, "ऐंशी-जीची पावती मिळेल ना?" मिळेल. असा सरळ माणूस मला आवडतो.

७ डिसेंबर, रविवार

३० किलोमीटर. रामदेववाडीकडचा चढ मुद्दाम घेतला, कारण मुंबईत पेडर रोडचा चढ नेमका पाय संपल्यावर येतो म्हणतात. थंडी कडक, बोटं वाकत नव्हती. शेवटच्या टप्प्यात उजव्या पोटरीला वांब आला. रस्त्याकडेला दगडावर पाय टेकून उभी राहिले तर एक ट्रॅक्टरवाला थांबला. सोडू का म्हणाला. नाही म्हणताना फार जड गेलं.

आप्पा-आई आठवडाभर आमच्याकडे आहेत. दुपारी मी पलंगावर आणि आप्पा खुर्चीत, दोघांच्याही पायांना वांब. माझे पळून, त्यांचे गोळीने. त्या गोळीचा तो नेहमीचा त्रास आहे, आणि सकाळी डोळ्यांखाली सूज. आई वाटीत तेल कोमट करून एकदा इकडे चोळी, एकदा तिकडे. "एकाने औषधासाठी घ्यायचे, दुसरीने हौसेसाठी," एवढं बोलून तिने माझ्या पोटरीत अंगठा असा रुतवला की मी ओरडलेच.

आप्पांचं निदान झालं ते दिवस आज आठवत होते. पोटात डाव्या बाजूला जड लागतं म्हणून साधी रक्त तपासणी केली. पांढऱ्या पेशी अकरा हजारांच्या आत हव्यात, त्यांच्या दीड लाखाच्या वर. पानथरी, म्हणजे प्लीहा, बेंबीपर्यंत आलेली. मग परळ, टाटा हॉस्पिटल, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम. तिथे शहाद्याकडचे एक पपईवाले शेतकरी आमच्या शेजारी होते. वय आप्पांपेक्षा वीस वर्षांनी कमी. दोघांच्या घरी निरोप एकच गेला होता, रक्ताचा कॅन्सर. पण आप्पांचा क्रॉनिक मायलॉइड, सावकाश वाढणारा; त्यांचा अॅक्यूट मायलॉइड, झपाट्याने वाढणारा. आप्पांना डॉक्टरांनी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली, जेवल्यावर ग्लासभर पाण्याबरोबर रोज घ्या म्हणून. त्यांना केमो, ताप, पुन्हा केमो, प्लेटलेटसाठी रोजची धावपळ. सख्ख्या भावाशी जुळलं तर बोन मॅरो बदलता येईल म्हणाले. भावाशी पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. नाही जुळलं. त्यांची बायको आईला अहिराणीत विचारायची, तुमच्यांना गोळी आहे तर आमच्यांना का नाही? आईकडे काय उत्तर असणार. आम्ही दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा त्यांच्या खाटेवर दुसरं कोणी होतं.

जिभाऊंना पेशंट हवा होता. त्या पपईवाल्यांचं नाव तेव्हा जिभेवर आलं होतं, पण त्यांच्या घरच्यांना न विचारता त्यांच्या नावाने पैसे मागणं मला बरं वाटलं नाही. अजूनही नाही वाटत.

२८ डिसेंबर, रविवार

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपने शेतात भरीत पार्टी ठेवली आणि वर्गणीतून उरेल ते माझ्या निधीला द्यायचं ठरवलं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, वर कांद्याची पात आणि कळण्याच्या पुऱ्या. सकाळी ३२ किलोमीटर झाले होते. मी किती पुऱ्या खाल्ल्या ते लिहीत नाही.

पळून पैसे जमवायची ही पद्धत कुठून आली, यावर बोलणं निघालं. १९८८ साली ब्रूस क्लेलँड नावाच्या माणसाच्या मुलीला ल्युकेमिया होता. त्याने ३८ जणांची टीम करून न्यूयॉर्क मॅरेथॉन पळवली आणि ३ लाख २२ हजार डॉलर जमवले. तिथून हे पुढे सगळीकडे गेलं. ग्रुपमधला इंजिनिअर पोरगा खवचट आहे. म्हणाला, "ताई, अमेरिकेचं सोडा. आपल्याकडे पैसे टाकले आणि काही निघालं, असं एक तरी दाखवा."

दाखवलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून केलेली कार-टी उपचारपद्धत. पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, कॅन्सरच्या पेशी ओळखता येतील असा बदल प्रयोगशाळेत त्यांच्यात करायचा आणि त्या परत शरीरात सोडायच्या. उलटलेल्या काही लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आणि ल्युकेमियांसाठी तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशात याला कोटींत पैसे पडतात, इथे काही लाखांत काम होतं. पोरगा म्हणाला, "काही म्हणजे किती?" तिथे मी गप्प. कारण ते 'काही' तीस-चाळीसच्या घरात आहेत आणि आमच्याकडे तेवढ्यात जमीन विकावी लागते.

शोध लागला म्हणजे गावापर्यंत पोचला असं होत नाही, हे मलाही मान्य आहे. आप्पांची गोळी तरी कुठे आपोआप पोचली? मूळ स्विस कंपनीची महिन्याला लाखाच्या वर होती, आपल्या कंपन्यांची आठ-दहा हजारांत. पेटंटवरून भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १ एप्रिल २०१३ ला कंपनी हरली, म्हणून ती आमच्या मेडिकलवाल्याकडे मिळते. तेव्हा पळणारे हवेत तसे कोर्टात भांडणारेही हवेत. पोरगा म्हणाला, कोर्टात जायला पाय दुखत नाहीत. त्याने पैसे दिले, पण पावती मागून घेतली.

८ जानेवारी, गुरुवार

आता पळणं कमी करायचे दिवस. पाय शिवशिवतात आणि उगाच कुठेतरी दुखल्यासारखं वाटतं. इथे सकाळी दहा अंश, मुंबईत तोच घाम. मीठ-साखरेच्या पाण्याची सवय करतेय.

जमलेले पैसे ठरवलेल्या आकड्याच्या जवळ आलेत, पूर्ण नाहीत. उरलेल्यासाठी बँकेतल्या साहेबांना गाठायचंय. त्यांचा 'बघू' अजून पिकलेला नाही.

आप्पांची पुढची तपासणी शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, परळला. म्हणून तेही बरोबर येणार. जिभाऊंनी केळीचा घड पाठवतो म्हणून निरोप दिलाय, रेल्वेत न्यायला. तो मी बॅगेत कुठे घालू, हा प्रश्न ते ऐकूनच घेत नाहीत. आज फोनवर आप्पांनी विचारलं, पळायला एकूण किती वेळ लागेल? पाच-साडेपाच तास, म्हटलं. पहाटे सुटणार, म्हणजे साडेदहा-अकरा होतील.

"मग मी जेवून, गोळी घेऊनच येतो," आप्पा म्हणाले. "तू काही आधी येत नाहीस."