घरातल्या घरात फिरणारा फोन

आमच्याकडे नवा फोन एकटा भाऊ घेतो. बाकीच्यांकडे तो येतो. भावाचा जुना वहिनीकडे, वहिनीचा बाबांकडे, बाबांचा आईकडे आणि आईने वापरून वापरून काचेला तडा गेलेला फोन गावी काकांकडे, आकाशवाणी ऐकायला. पूर्वी थोरल्याची शाळेची पुस्तकं धाकट्याला मिळत, तशीच ही रीत. ती चालू राहायला एकच अट लागते. एकाचं सिम काढून दुसऱ्याचं घातलं की फोनने मुकाट्याने चाललं पाहिजे. कंपन्यांना नेमकी हीच अट कधी मनापासून पटलेली नाही.

2003च्या पावसाळ्यात रिलायन्सने 'मान्सून हंगामा' काढला. 501 रुपये भरा आणि फोन घेऊन जा. तोवर साहेबांच्या पट्ट्याला लटकणारा मोबाइल त्यानंतर प्लंबरच्या आणि रिक्षावाल्याच्या खिशात दिसू लागला. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ते सगळं सीडीएमए नावाच्या तंत्रावर चालायचं. टाटा इंडिकॉमचंही तेच. त्यातल्या बहुतेक हँडसेटांत सिम नसायचंच. नंबर कंपनीनेच फोनच्या पोटात भरून दिलेला. दुसरं तंत्र जीएसएम, ते सिमवर चालायचं. जीएसएमवाला नोकियाचं झाकण नखाने उघडून, बॅटरी काढून, सिम दुसऱ्या नोकियात सरकवून मोकळा व्हायचा. सीडीएमएवाला कंपनी सोडायला निघाला की फोन घरातल्या लहान मुलाला खेळायला. त्या काळात फोन घेताना रंग नंतर विचारत, आधी विचारत, 'जीएसएम की सीडीएमए?' जणू जातच विचारतायत.

पुढे 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय झाली. 1900ला 'पोर्ट'चा मेसेज टाकायचा, कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दारात जायचं. लोकांना भारी आनंद झाला. नंबर सुटला, पण सीडीएमएचं डबडं मात्र जीएसएमकडे काही येईना.

अमेरिकेत तर फोन म्हणजे कंपनीच्या घरचं माप ओलांडून आलेली सूनच. जून 2007मध्ये आयफोन आला तो फक्त एटीअँडटी या तिथल्या मोबाइल कंपनीकडे. तिची स्पर्धक असलेल्या व्हेरायझनच्या गिऱ्हाइकांना फेब्रुवारी 2011पर्यंत वाट बघावी लागली. दोन वर्षांच्या कराराला बांधून घ्या, फोन स्वस्तात घ्या आणि दुसऱ्याचं सिम घालायचं नाव काढू नका, असा एकूण मामला. आपल्याकडे ऑगस्ट 2008मध्ये आयफोन थ्रीजी आला एअरटेल आणि व्होडाफोनच्या मार्फत. आठ जीबीवाला 31 हजारांना. म्हणजे तिकडे बांधून घेण्याबद्दल निदान सूट तरी मिळे; इथे रोकडा मोजायचा आणि वर दुकानही कंपनी सांगेल तेच.

या कुलूपबंद फोनांची झळ आपल्याला लागायची ती दिवाळीत. न्यू जर्सीचा आतेभाऊ बॅगेतून फोन काढायचा, घरभर 'अय्या' व्हायचं आणि सिम घातलं की फोन ढिम्म. मग मुंबईचं मनीष मार्केट नाही तर पुण्याची बुधवार पेठ. तिथला पोऱ्या फोन हातात घेऊन उलटा करायचा, 'लॉक है' म्हणायचा, आणि ड्रॉवरमधून सिमच्याच मापाची, कागदासारखी पातळ चिप काढायचा. ती सिमच्या पाठीला चिकटवून दोन्ही एकत्र खाचेत सरकवायची. फोनला वाटायचं, आत एटीअँडटीचंच सिम आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचं कुलूप, आणि किल्ली ही! फोन अपडेट केला की मात्र पुन्हा त्याच पोऱ्याच्या पायऱ्या झिजवा. व्हेरायझनचा आयफोन 4 कोणी आणला तर तोही हात टेकायचा. त्यात सिमला खाचच नव्हती.

आपल्या लोकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे डबल सिम. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि नाव नसलेल्या चिनी फोनांनी तो घरोघरी पोचवला. नोकिया जागी झाली तोवर उशीर झाला होता. एक सिम बोलायला, एक नेटला. किंवा एक शहरातलं आणि एक गावचं, कारण घाट उतरला की बाकीच्यांच्या दांड्या पडतात आणि कित्येक वाड्यांवर एकटं बीएसएनएल उभं असतं. माझ्या मते या देशातला सगळ्यात लोकशाही शोध तोच. कंपन्या आपसात भांडोत, आपण दोघींनाही शेजारी शेजारी बसवून ठेवलंय.

सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि गाडं पुन्हा अडलं. जिओकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, बोलणंही फोरजीवरूनच. म्हणजे आईच्या बटनांच्या फोनमध्ये फुकट सिम घालून उपयोग शून्य. पुढच्या वर्षी दीड हजार अनामतीचा जिओफोन आला, तर त्यात दुसऱ्या कोणाचं सिम चालेना. स्वस्तात मिळतो तो फोन बांधूनच घेतो, हे 501 रुपयांपासूनचं गणित काही बदललेलं नाही.

आता ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं, काढता न येणारं सिम. 2022च्या आयफोन 14पासून पुढे अमेरिकेत निघालेल्या आयफोनला सिमची खाचच नसते. आतेभावाने यंदा तसला एक आईसाठी आणला. कुलूप नाही, इथल्या कंपन्या ई-सिम देतात, म्हणजे तक्रारीला जागा नाही. तालुक्याच्या गावच्या दुकानातल्या मुलाने कॅमेऱ्याने कोड टिपला आणि थोड्या वेळाने रेंज आलीसुद्धा.

आईने फोनच्या चारही कडांवरून बोट फिरवून पाहिलं. तिचा हिशोब वेगळा. गावी फोनची बॅटरी मेली की ती सेफ्टी पिनने सिम काढते, शेजारच्या वहिनींच्या फोनमध्ये घालते आणि दोन फोन करून परत आणते.

"आणि हा विहिरीवर हातातून सुटला तर? नंबर कशातनं काढायचा?"

"काकू, मग आधार कार्ड घेऊन इथे यायचं."

"यष्टी दिवसातून दोनच आहेत रे. आणि तू जेवायला कधी बंद करतोस?"

"दीड ते चार."

आईने बीएसएनएलचं सिम असलेला जुना फोन पिशवीतच ठेवला, आणि चार्जर मागून घेतला.