स्मार्ट गाव करा, पण आधी माती पाहा ना भाऊ

२०१५ मधे स्मार्ट सिटी मिशन आलं, १०० शहरं निवडली, २०१६ मधे आपल्या नागपूरचाही नंबर लागला आणि मार्च २०२५ मधे मिशनचा गाशा गुंडाळला पण. शहरांचं काय झालं ते शहरवाले पाहतील. पण तिकडं मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, २०२५ मधे नागपूरजवळच्या सातनवरीले स्मार्ट आणि इंटेलिजंट गाव केलं, तवापासून आमच्याकडच्या प्रत्येक सरपंचाले वाटते का आपलं गाव बी तसंच व्हावं. वाटू द्या, चांगलंच आहे.

फक्त आमचं गाव पडलं खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीखालचं पाणीच खारं आहे त्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जाते. अशा जमिनीत वरची माती काढून चांगला जाड मुरूम भरून दाबल्याशिवाय रस्त्यावर गट्टू, म्हणजे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, बसवले तर दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्यावरून सायकल चालवून दाखवा. सोलर लाईटचे खांब तसेच, फाउंडेशन उथळ, मग एक खांब इकडं कलला एक तिकडं, पॅनलचं तोंड दक्षिणेकडं पाहिजे तं ते पाहून राहिलं शेजारच्याच्या गोठ्यात. एस्टिमेट कुठल्यातरी कडक जमिनीचं उचललं असते, नाव फक्त आमच्या गावाचं टाकतात. आणि सिमेंट रोडबद्दल तं बोलूच नका, जुना न खोदता त्याच्यावरच नवा थर, आता रस्ता वर आणि उंबरठे खाली, पाणी आलं की सरळ माजघरात.

आता नवीन टूम म्हणजे घरोघरी स्मार्ट मीटर, पाण्याचे. आमच्याकडं बोअर मारून फायदा नाही, खारं पाणी लागते, म्हणून गोडं पाणी येते लांबच्या धरणावरून पाइपानं. जलजीवन मिशन माणशी रोज ५५ लिटर म्हणते, इथं नळच काही दिवसाआड येते. आणि रिकाम्या पाइपात पाणी सोडलं की आधी फसफस करत हवा निघते, त्या हवेनं मीटरचा काटा गरगर फिरते. गावात वाल फिरवून पाणी सोडणाऱ्या आमच्या वालमन काकांनी मीटर दाखवायले आलेल्या पोट्ट्याले तोंडावरच विचारलं, "बापू, हे पानी मोजते का हवा मोजते?" पोट्टा हसला अन् ब्रोशर पुढं केलं.

माझं म्हणणं, चोवीस तास पाणी असलं तं मीटर बरोबर आहे, इथं आधी टाकीवर पातळीचा एक साधा सेन्सर बसवा, टाकी भरली की काकांच्या मोबाइलवर मेसेज. बाकीचं काम ते करतातच, लोखंडी चावी घेऊन वाल फिरवता फिरवता गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात, "मंदिराच्या वेटाळाले पानी सोडलं, खालच्या वेटाळाले उद्या, मोटर गरम झाली." अख्खं गाव त्याच्यावर चालते, आणि काकांचा पगार मात्र कायम थकलेला. सेन्सरच्या देखभालीचा खर्च लिहिता तं त्याच कागदावर त्यांचं मानधन बी लिहा ना.

१ मेच्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी विचारणार आहे, खांबाचा खड्डा किती फुटाचा आणि गट्टूखाली मुरूम किती इंच. वायफायचं नंतर पाहू.