तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानातला तो फोटो कोणाचा

इंदूरला रामबागेत माझं माइक-स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे, आणि गणपतीचं बुकिंग करायला येणारा दर तिसरा माणूस काउंटरमागच्या फोटोकडे बघून विचारतो, आजोबा का तुमचे? नाही हो, ते विष्णुपंत दामले, प्रभात फिल्म कंपनीचे. मग म्हणतात, अच्छा, 'संत तुकाराम'वाले डायरेक्टर! हो तेच, फत्तेलाल आणि ते दोघं, १९३६ चा सिनेमा, व्हेनिसला गाजला वगैरे सगळं खरं, पण मी फोटो लावलाय तो साउंडवाल्याचा.

म्हणजे बघा, १९३२ साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' बोलका करायचा ठरला तेव्हा आवाजाचं खातं यांनी अंगावर घेतलं. माणूस मूकपटांतला, बाबूराव पेंटरांच्या कंपनीत तयार झालेला, पडदे रंगवायचं काम केलेला! त्यात प्लेबॅक ही भानगडच अजून आली नव्हती, म्हणजे गोविंदराव टेंबे नि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर गातायत तोच आवाज तिथल्या तिथे फिल्मवर भरायचा, वादक चौकटीबाहेर दडवून, आणि कुणी खोकलं की गेला टेक. माझ्याकडे सोळा चॅनलचा मिक्सर आहे तरी आरतीला शिटी वाजतेच.

हे वेड वडिलांचं. ते इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. फिल्मच्या कडेला एक बारीक दातेरी पट्टी असते ना, तोच आवाज. दिव्याचा उजेड तिच्यातून जातो, कमीजास्त होतो आणि त्याचाच पुढे आवाज बनतो. पण चित्र प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे भिंगामागच्या चौकटीत, झटके खात सरकतं आणि आवाजाला फिल्म सुळसुळीत पळायला हवी, म्हणून आवाज वाचायची जागा त्याच्यापुढे, वीस फ्रेम लांब. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यामुळे जोड असलेली फिल्म आली की आधी पडद्यावर चित्र उडायचं आणि जवळजवळ सेकंदाने 'टक्'. वडील त्या जोडावर ब्रशने काळ्या शाईचा छोटा त्रिकोण काढायचे, उजेड हळूहळू अडला की टक् गायब.

असा एक शाई लावलेला तुकडा फोटोखाली काचेत ठेवलाय. परवा एका मंडळवाल्याला हे सगळं सांगितलं, त्याने तुकडा उजेडात धरून नीट बघितला बिचाऱ्याने, मग म्हणाला, काका, कॉर्डलेस माइकचे वेगळे पडतील का? पडतील म्हटलं.